काकाजींचा डोंगा आणि काटा

काकाजींनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. ट्रंक आणि वळकटी घेऊन मी नालवाडीतल्या त्यांच्या अंगणात उभा होतो आणि खोली मिळेल का म्हणून विचारत होतो. त्यांनी माझ्याकडे एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "अठ्ठावन. चपला काढल्या तं साडेसत्तावन."

मला वाटलं, घरनंबर सांगताहेत. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "घाबरू नका जी. वजन सांगून राह्यले ते तुमचं. खोली हाय वरची, पाहून घ्या."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वर्धा स्टेशनवर गेलो आणि तिथल्या लाल-हिरव्या दिव्यांच्या यंत्रात नाणं टाकलं. तिकिटावर अठ्ठावन्न किलो आलं. मागे माझं भविष्यही छापलेलं होतं, ते अर्थातच साफ चुकलं. वजन मात्र बरोबर होतं. तेव्हापासून या माणसाबद्दलचं माझं कुतूहल जे सुरू झालं, ते सात वर्षं त्या घरात राहूनही संपलं नाही.

मी नाशिककडचा. वर्ध्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो होतो. माझ्या हाताखाली काचेच्या पेटीतला तराजू होता. त्याच्यावर फुंकर घातली तरी काटा हलायचा. हे मी मोठ्या ऐटीत काकाजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पेटीत मानूस बसते का?"

"नाही."

"मंग काय तोलता दिवसभर?"

 

काकाजी तीस वर्षं कापसाच्या बाजारात मापारी होते. शेतकऱ्याचा कापूस काट्यावर चढवायचा, तोलायचा आणि वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. पुकारायची एक रीत असे. काटा स्थिरावला की आकडा दोनदा म्हणायचा, लांबवर जाईल अशा आवाजात. शेतकरी बंडीजवळ, म्हणजे आपल्या बैलगाडीजवळ, उभा असतो, व्यापारी गादीवर बसलेला असतो, दोघांच्याही कानी तो एकाच वेळी गेला पाहिजे. एकदा पुकारलेला आकडा मागे घेत नाहीत. तोलताना काकाजी हात पाठीमागे बांधून उभे राहत, म्हणजे बोटाचा किंवा अंगठ्याचा भार पडला असं कुणी म्हणायला नको. ही सवय त्यांना इतकी जडली होती की रांगोळी पाहतानासुद्धा त्यांचे हात पाठीमागे जात.

मग बाजारात विजेवर चालणारे काटे आले. आकडे लाल दिव्यात दिसू लागले. "सगळ्यायले दिसूनच राह्यलं, तं पुकारून काय करता?" असं म्हणून काकाजींनी वेळेआधीच काम सोडलं. सोडताना बाजाराने मोडीत काढलेला जुना काटा मात्र मागून घेतला. बसका लोखंडी चौथरा, वर उभा खांब आणि दांडीवर सरकणारं वजन. अंगणात तो चार महिने नुसता पडून होता. काकू त्याच्यावर पापड वाळत घालत.

पुढे काय झालं ते मला काकाजींनीच सांगितलं. सेलूच्या पुढे डोंगर सुरू होतात. आमच्या नाशिककडचा माणूस त्यांना टेकाडं म्हणेल, पण ते वर्ध्यात बोलायची सोय नव्हती. त्या डोंगरांच्या मधोमध एक तलाव आहे. बाजारातल्या जुन्या मित्रांबरोबर काकाजी तिथे जेवायला गेले होते. ढीवर लोक मासळीच्या टोपल्या डोंग्यात, म्हणजे त्यांच्या लाकडी होडीत, भरत होते. एक टोपली ठेवली की डोंगा बोटभर खाली जायचा. दुसरी ठेवली की आणखी बोटभर. काकाजी जेवण सोडून तिथेच बसून राहिले.

"डोंगा म्हंजे काटाच हाय जी," ते मला सांगत होते. "अन् त्या काट्याले कोनी अंगठा लावू शकत नाई."

दुसऱ्या महिन्यात त्यांनी ढीवरांकडून एक जुना डोंगा घेतला, डांबर लावून घेतला, बसायला आडव्या फळ्या ठोकल्या आणि दर रविवारी तलावावर लोकांना फेरी मारून आणायला सुरुवात केली. अर्ध्या तासाची फेरी. काटाही टेम्पोत घालून तलावावर नेला आणि ढीवरांच्या झोपडीशेजारी मांडला. कारण उघड होतं. तोलल्याशिवाय कुणालाही डोंग्यात पाय ठेवता येणार नव्हता.

लोक हौसेने यायचे. वर्ध्याहून, पुलगावहून, कधी नागपूरहूनसुद्धा. नवी साडी, नवा चष्मा, कॅमेरा. आणि काकाजी त्यांना एकेक करून काट्यावर चढवायचे, हात पाठीमागे बांधून दांडीकडे पाहायचे आणि आकाशाकडे तोंड करून पुकारायचे, "बहात्तर हो बहात्तर!" समोरच्या डोंगरावरून बहात्तर परत यायचं. कितीतरी बायका तिथूनच परत फिरल्या. एका नागपूरच्या बाईंनी तर नवऱ्याकडे असं पाहिलं की मला त्या माणसाची दया आली.

मग बसवणं. जड माणूस मधल्या फळीवर, बाकीचे डावी-उजवीकडे, आणि दोन्हीकडचं वजन किलोभराच्या आत जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर दगड. किनाऱ्यावर काकाजींनी दगड निवडून ठेवले होते आणि प्रत्येकावर चुन्याने वजन लिहिलं होतं. दोन किलो, साडेतीन किलो, पाच किलो. माझ्या पहिल्या फेरीत मी साडेतीन किलोचा दगड मांडीवर घेऊन बसलो होतो. निसर्ग पाहायला गेलेल्या माणसाने दगड सांभाळत बसावं, हे मला मोठं विचित्र वाटलं. पण डोंगा पाण्यावर निघाला आणि इतका सरळ चालला, की अंगणात बसल्यासारखं वाटायला लागलं.

एका फेरीत एकच घर, हा आणखी एक नियम. जागा कितीही रिकामी असली तरी. मी कारण विचारलं.

"दोन घरची मानसं एका डोंग्यात बसली का एकमेकायकडं पाह्यत राह्यतात. पान्याकडं मंग कोनी पाह्यत नाई."

फेरीत ते काही सांगत नसत. हनुवटीने दाखवत. वठलेल्या झाडांचे बुंधे पाण्यातून वर आलेले, त्यांच्यावर पंख पसरून बसलेले पाणकावळे. काठावर वानरांची टोळी पाणी प्यायला उतरलेली. आणि सगळ्यांत शेवटी डोंगर. काठावरून पाहिलं तर पलीकडचा डोंगर सलग भिंतीसारखा दिसतो, कुठे फट नाही. डोंगा तलावाच्या मध्यापुढे गेला, की एका ठरावीक जागी तो डोंगर हळूहळू उघडायला लागतो. एक कडा दुसऱ्या कड्याच्या मागून बाजूला सरकतो आणि मध्ये अरुंद खिंड दिसते, खिंडीच्या आत सागाचं रान आणि एक ओढा. काकाजी तिथे वल्हं आत घेत. ओढ्याचा आवाज पाण्यावरून येई. पाचेक मिनिटं तसंच थांबून ते डोंगा वळवत आणि डोंगर पुन्हा मिटून जाई. इतक्या वेळा गेलो, पण तो नेमका कोणत्या क्षणी मिटतो हे मला एकदाही पकडता आलं नाही.

हे सगळं काकूंनी पाहिलेलं नव्हतं. तलावाच्या काठापर्यंतसुद्धा त्या कधी गेल्या नव्हत्या.

मला हे कळलं तेव्हा मी साहजिकच नाक खुपसलं. काकू दर रविवारी पहाटे उठून पोळ्या आणि आलूची भाजी डब्यात भरून देत. संध्याकाळी काकाजी परत आले की चहा पुढे ठेवून विचारत, "आज उघडला का डोंगर?" काकाजी सांगत. काकू सगळं नीट ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "असंन बापा."

"काकू, तुम्ही का जात नाही एकदा?" मी विचारलं.

"मी काय कापसाची बंडी हाय? तिथं साऱ्या जगासमोर माह्यं वजन पुकारतीन ते. मी नाई चढत काट्यावर."

मी काकाजींकडे गेलो. "काकूंना न तोलता न्या की एकदा."

"नाई जमत," ते म्हणाले. "तोलल्याबिगर ढीवराच्या पोरालेबी मी बसवत नाई. बायकोले बसवलं तं मंग काटा ठेवला कायले?"

दोघंही हट्टी. मध्ये मी, आणि मला दोघांचंही पटायचं.

मग एकदा काकूंनीच मला ते सांगितलं, ज्यामुळे सगळा उलगडा झाला. त्या पवनारच्या. धाम नदीच्या काठी वाढलेल्या. "पुरात उडी मारून पलीकडं जात होतो आम्ही पोरी. अन् यायले पोयता येत नाई. गुडघाभर पान्यात यायचे पाय कापतात." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "म्हनून तोलतात बरं का सगळ्यायले. भेतात."

पोहता न येणारा माणूस डोंगा चालवतो, आणि पोहणारी बाई काठावरसुद्धा येत नाही. मी त्या दिवशी काकाजींकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. पाण्याला इतकं भिणारा माणूस दर रविवारी पाण्यावर जातो, याला धाडस म्हणावं की वेड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला तो माणूस फार आवडायला लागला होता, एवढं खरं.

त्यांची फजिती मी एकदाच पाहिली. पुलगावचं एक कुटुंब आलं होतं. मुलगा, सून आणि पाठीत वाकलेली म्हातारी आई. फळीवर म्हातारीची हाडं दुखतील म्हणून मुलाने घरून कापसाची गादी आणली होती. काकाजींनी तिघांना तोललं, गादीही तोलली. "आठ हो आठ!" गादी डोंग्याच्या डाव्या बाजूला तळाशी अंथरली, तिच्यावर म्हातारी, उजवीकडे मुलगा-सून, दगड वगैरे सगळं जुळलं. म्हातारीला चढवा-उतरवायला मदत म्हणून काकाजींनी मलाही घेतलं होतं, मी मागे बसलो होतो.

अर्ध्या वाटेवर डोंगा डावीकडे कलला. काकाजींनी वल्हं थांबवून आकडे म्हणायला सुरुवात केली. डावीकडचे, मग उजवीकडचे. बेरीज बरोबर. डोंगा आणखी कलला. काठ पाण्यापासून वीतभर राहिला. काकाजींच्या कपाळावर घाम, आणि ते पुन्हा पहिल्यापासून बेरीज करायला लागले. सुनेने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

तेव्हा म्हातारीच शांतपणे म्हणाली, "अवो भाऊ, माही गादी वली झाली जी. पार गिच्च झाली."

तळाच्या फटीतून पाणी झिरपत होतं आणि गादी ते मुकाट्याने पीत होती. आम्ही म्हातारीला मधल्या फळीवर घेतलं आणि गादी कशीबशी उचलून पाण्यात टाकली. दोघांना मिळून ती उचलत नव्हती. डोंगा सरळ झाला आणि आम्ही किनाऱ्याला लागलो.

काकाजी कितीतरी वेळ कपाळाला हात लावून बसले होते. बाजारात पाणी शिंपडून जड केलेला कापूस ते नुसत्या वासाने ओळखत. तीस वर्षांत हजारो गाठोड्यांत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी ओल पकडली होती. आणि स्वतःच्या डोंग्यात कोरडी गादी तोलून ते निवांत बसले. "कापूस पानी पेते, हे मले सांगाले पुलगावची बुढी लागली," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात लुनाच्या मागे नवी गादी बांधून ते पुलगावला देऊन आले. त्यानंतर काट्यावर चढणाऱ्या प्रत्येकाची ओल तपासली जाऊ लागली. एका बाईंना तर केस वाळेपर्यंत उन्हात बसवून ठेवलं होतं.

नजरेने वजन ओळखण्याची विद्या मला तोवर गंमत वाटत होती. दिवाळी झाली की ते गल्लीतल्या प्रत्येकाला सांगत, कुणाची दिवाळी किती किलोची झाली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला एकदा त्यांनी हटकलं, "तीन किलो कुठी गेले गा तुझे?" आणि तो माणूस दुकानातच रडायला लागला. मुलीचं लग्न मोडलं होतं आणि त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

एका थंडीत मी संध्याकाळी कॉलेजातून आलो तेव्हा काकाजी अंगणात एकटेच बसले होते. मला पाहून त्यांनी "अठ्ठावन" म्हटलं नाही. मी शेजारी बसलो.

"चाळीसच्या खाली गेली," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही. मग आतून काकूंच्या खोकल्याचा आवाज आला.

"तीन महिने झाले. आधी अर्धा किलो, मंग एक, मंग दोन. तिले वाटते मले दिसत नाई." ते आपल्या तळहातांकडे पाहत होते. "मी पाह्यतच नाई म्हनतो. पन दाराशी उभी राह्यली का आकडा दिसतेच. काय करू सांगा."

दवाखाना झाला होता. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं होतं. काकाजींना त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं, आणि तीन महिने ते ती गोष्ट एकटेच वागवत होते. मला प्रयोगशाळेतला माझा तराजू आठवला आणि त्याची लाज वाटली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी काकू जरीकाठी लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. "आज मी येतो तलावावर," त्या म्हणाल्या.

काकाजी लुनाला किक मारत होते, ते थांबले. "आज वारा हाय."

"असू द्या. मले तो डोंगर उघडताना पाह्याचा हाय. आता नाई तं कधी?"

"तोलाव लागंन."

"तोला."

आम्ही जीप केली. तलावावर ढीवरांची दोन-चार माणसं जाळी विणत बसली होती. काकूंनी चपला काढल्या, लुगड्याच्या निऱ्या सावरल्या आणि स्वतःच काट्यावर चढून उभ्या राहिल्या. मान ताठ. नजर समोर डोंगराकडे. काकाजींनी दांडीवरचं वजन सरकवलं आणि हात पाठीमागे नेले. मी त्यांच्या खांद्यामागे उभा होतो. वाचता येऊ नये असं फार वाटत होतं, पण माझा धंदाच काटे वाचायचा. दांडी स्थिरावली. छत्तीस.

काकाजी दांडीकडे पाहत राहिले. एवढा वेळ त्यांना कधीच लागत नसे. जाळी विणणाऱ्यांचे हात थांबले.

मग त्यांनी तोंड आकाशाकडे केलं आणि बाजारातल्या त्या आवाजात पुकारलं, "बावन हो बावन!"

डोंगरावरून बावन्न परत आलं.  तीस वर्षांत त्यांनी खोटा आकडा पुकारल्याचं कुणी सांगू शकलं नसतं, आणि आता तो मागे घेता येणार नव्हता.

डोंग्यात मात्र सगळं खरं करावं लागतं. त्यांनी काकूंना आपल्या समोरच्या फळीवर बसवलं आणि छत्तीसच्या हिशेबाने दगड लावले, पाच, पाच, साडेतीन. काकू त्या दगडांवरचे चुन्याचे आकडे पाहत होत्या. एक घर म्हणून मी किनाऱ्यावर थांबलो होतो, पण काकूंनी मला हाक मारली, "या जी, तुम्हीबी घरचेच." मग दगड कमी झाले आणि मी बसलो.

ती फेरी अर्ध्या तासाची राहिली नाही. काकूंनी निघता निघताच पाण्यात हात सोडला आणि तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. पाणकावळे दिसले तेव्हा त्यांनी ते मोजले. डोंगर उघडायला लागला तेव्हा त्या "थांबा, थांबा" म्हणत पुढे वाकल्या. डोंगा हलला, काकाजींचे ओठ पांढरे पडले, पण त्यांनी काकूंना बस म्हटलं नाही. खिंडीच्या तोंडाशी आम्ही कितीतरी वेळ थांबलो. ओढ्याचा आवाज येत होता.

"तुम्ही सांगत होते तसाच हाय," काकू म्हणाल्या. "मले वाटे, वाढवून सांगतात."

किनाऱ्यावर उतरताना त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "लग्नात मी पंचेचाळीस किलोची होती. असं तोलत असान तं रोज तोला बापा."

काकाजींनी ते अगदी शब्दशः घेतलं. त्याच आठवड्यात काटा टेम्पोत घालून अंगणात परत आणला. डोंगा ढीवरांना देऊन टाकला. रोज सकाळी मी वरच्या खोलीत दाढी करत असताना खालून आवाज येई. काकूंना हाताला धरून आणल्याचा, काटा करकरल्याचा, आणि मग सगळ्या गल्लीत जाईल असा पुकारा. "चोपन हो चोपन!" आठवड्याभराने "छप्पन हो छप्पन!" काकूंचं हसू ऐकू येई. "बस करा आता, लुगडं पुरत नाई मले." पुढे त्यांना उभं राहवेना, तेव्हा काट्यावर खुर्ची ठेवून बसवत. आकडा चढतच होता. एकसष्ट. बासष्ट. माघ संपताना मी ऐकलेला शेवटचा आकडा चौसष्ट होता.

तिरडीला चौघांनी खांदा दिला, त्यांत मी होतो. नालवाडीपासून घाटापर्यंत कुणालाच खांदा बदलावा लागला नाही. माझ्या खांद्यावर काही आहे असं वाटतच नव्हतं.

संध्याकाळी लोक पांगल्यावर काकाजी अंगणात काट्याशेजारी बसले होते. मी जवळ गेलो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"खांदा तुम्ही देल्ला," ते म्हणाले. "तुमचं कामच तोलायचं हाय. खरं सांगा, किती वाटलं?"

"चौसष्ट," मी म्हणालो.

त्यांनी हात पाठीमागे नेले आणि मान हलवली. "बरोबर हाय."